‘ग्राफ्ट’ हा एक शब्द आहे की तीन? आणि आपले ‘कलम’ त्याला कुठपर्यंत पुरते?

खडूफळा, संगमनेर

नमस्कार मंडळी. मराठी माध्यमातून दहावी करून अकरावी विज्ञानाला आलेल्या मुलामुलींना मी संध्याकाळी इंग्रजी शिकवते. गेल्या पंधरवड्यात ‘ग्राफ्ट’ हा शब्द आमच्यापुढे तीनदा आला आणि तिन्ही वेळा त्याचा अर्थ निराळा निघाला. पहिल्यांदा तो जीवशास्त्राच्या पुस्तकात, शाकीय प्रजननाच्या पाठात भेटला. तिथे त्याचा अर्थ कलम. दुसऱ्यांदा एका विद्यार्थिनीने आजीचा दवाखान्यातला कागद वाचून घ्यायला आणला. गरम पाणी सांडून आजींची पोटरी भाजली होती आणि कागदावर ‘स्किन ग्राफ्ट’ असे लिहिले होते. तिसऱ्यांदा तो इंग्रजी वर्तमानपत्राच्या मथळ्यात ‘ग्राफ्ट केस’ म्हणून आला, आणि एका मुलाने वहीत त्याचे भाषांतर ‘कलमाचे प्रकरण’ असे केले. बातमी लाच घेणाऱ्या अधिकाऱ्याची होती.

कोशात कलम, रोपण, लाच आणि कष्ट असे चार अर्थ ओळीने दिलेले आहेत, पण त्यांचा एकमेकांशी संबंध काय, हे तिथे कळत नाही. मुले अशी यादी पाठ करतात आणि आठवड्याभरात विसरून जातात. माझे प्रश्न दोनच आहेत. हा मुळात एकच शब्द आहे, की एकाच स्पेलिंगखाली राहणारे वेगवेगळे शब्द आहेत? आणि मराठीतील ‘कलम’ हाताशी धरून तो शिकवला, तर मुलांची फसगत कुठे होईल?

रायवळ, देवगड तालुका

ताई, आमची रोपवाटिका आहे आणि वडिलांच्या काळापासून आम्ही आंब्याची कलमे बांधतो. शब्दाचे मूळ इतर जाणकार सांगतील. मी ती वस्तू कशी असते ते सांगतो, कारण माझा अनुभव असा आहे की वस्तू डोळ्यांपुढे उभी राहिली की शब्द आपोआप लक्षात राहतो.

पावसाळ्याच्या तोंडाला रायवळ आंब्याच्या कोयी रुजत घालतात. कोंब वर येऊन त्याची पाने अजून तांबूस असतात, खोड कोवळे असते, त्या पंधरवड्यातच ते खोड आडवे छाटून मधोमध उभी खाच देतात. दुसरीकडे, ज्या हापूसच्या झाडाची जात आपल्याला हवी आहे त्याची तीन-चार महिन्यांची, टोकाचा डोळा फुगलेली काडी निवडलेली असते. तिचे खालचे टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचरीसारखे करतात, ती पाचर खाचेत बसवतात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. हे आमचे कोय कलम. खालच्या भागाला आम्ही खुंट म्हणतो आणि वरच्या भागाला कलमकाडी. इंग्रजीत खुंटाला ‘रूटस्टॉक’ आणि काडीला ‘सायन’ म्हणतात. ‘सायन’ हा शब्दही मुलांना सांगा, कारण इंग्रजीत तो घराण्याच्या वारसालाही लावतात.

साल आणि लाकूड यांच्यामध्ये वाढीचा एक अगदी पातळ थर असतो, त्याला कँबियम म्हणतात. काडीचा आणि खुंटाचा हा थर एकमेकांना भिडला तरच दोघे सांधतात. म्हणून दोन्हींची जाडी सारखी पाहावी लागते. नारळाचे किंवा सुपारीचे असे कलम कोणी बांधत नाही, त्याचे कारणही हेच आहे: त्या झाडांत असा थरच नसतो.

एक गोष्ट मुले हमखास चुकतात. कलमात दोन जाती मिसळत नाहीत. खुंट रायवळ राहतो आणि वर लागणारा आंबा हापूसच राहतो. सांध्याच्या वर एक झाड आणि खाली दुसरे, असे ते जन्मभर राहतात. दोन जाती मिसळून तिसरी तयार होते तो संकर. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९८१ साली दिलेली ‘रत्ना’ ही जात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून आली, पण रत्नाची आजची प्रत्येक बाग कलमांनीच उभी राहिलेली आहे. इंग्रजीत पहिल्या क्रियेला ‘हायब्रिड’ आणि दुसरीला ‘ग्राफ्ट’ म्हणतात, आणि या दोन शब्दांची गल्लत मी शिकलेल्या माणसांच्या तोंडीही ऐकली आहे.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. आपण मराठीत पुष्कळ गोष्टींना कलम म्हणतो. डाळिंबाची गुटी, पेरूचे दाब कलम, अंजिराचे छाट कलम ही सगळी आपल्या लेखी कलमेच आहेत. पण गुटी आणि दाब कलमात त्याच झाडाच्या फांदीला मुळे फोडून घेतात, आणि छाट कलमात तोडलेली फांदी मातीत खोचतात. तिथे दुसरे झाड नसते, सांधा नसतो, म्हणून इंग्रजी त्यांना ‘ग्राफ्ट’ म्हणणार नाही. गुटी आणि दाब यांना ‘लेअरिंग’ म्हणेल, छाटाला ‘कटिंग’ म्हणेल. थोडक्यात, मुलांना एकच कसोटी द्या: दोन जिवंत तुकडे आणि त्यांच्यामध्ये एक सांधा.

टाका, पुणे

रायवळ यांनी दिलेली कसोटी मी तशीच उचलतो, कारण शस्त्रक्रियेतही तीच लागू पडते. भाजलेल्या रुग्णांच्या विभागात मी बरीच वर्षे काम केले आहे.

आजींच्या बाबतीत बहुधा त्यांच्या मांडीवरून त्वचेचा वरचा पातळ थर खरवडून काढला असेल आणि तो पोटरीच्या जखमेवर पसरला असेल. मांडीवर त्वचेचा खालचा भाग शिल्लक राहतो, त्यामुळे ती जखम आपली आपण भरून येते. पोटरीवर लावलेला तुकडा मात्र त्या क्षणी पूर्णपणे तोडलेला असतो. पहिले दोन दिवस तो जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर जगतो. मग खालच्या बारीक रक्तवाहिन्या त्यातल्या वाहिन्यांना जाऊन मिळतात, आणि पाचव्या दिवसाच्या सुमारास पट्टी उघडली की तो धरला की नाही हे दिसते. ‘धरला’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. कलम बांधणारे जसे ‘कलम धरलं’ म्हणतात, तसेच इंग्रजीत ग्राफ्ट ‘टेक’ झाला असे म्हणतात, आणि तो शब्द झाडाला आणि त्वचेला सारखाच लागतो. एवढे एक क्रियापद शिकवले तरी मुलांना हे दोन अर्थ वेगळे वाटणार नाहीत.

इथे आमच्या व्यवसायातला एक भेद सांगावासा वाटतो, कारण त्याची गोष्ट पुण्याची आहे. १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये एका शस्त्रक्रियेचे सचित्र वर्णन छापून आले. कावसजी नावाचा एक मराठा बैलगाडीवान इंग्रजी फौजेबरोबर होता. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या हाती लागला आणि टिपूने त्याचे नाक आणि एक हात कापला. वर्षभर बिननाकाने काढल्यावर पुण्याजवळच्या एका कारागिराने, जो विटा बनवणाऱ्यांच्या जातीचा असल्याचे त्या वर्णनात म्हटले आहे, त्याला नवे नाक बसवून दिले. त्याने मेणाचे नाक घडवले, ते पसरून कपाळावर ठेवले, त्या आकाराची कातडी सोडवली आणि फिरवून नाकाच्या जागी आणली. पण दोन भुवयांच्या मधली कातडीची पट्टी त्याने तोडली नाही. नवे नाक तिच्यातून येणाऱ्या रक्तावर जगले, आणि साधारण पंचविसाव्या दिवशी, नाक नव्या जागी रुजल्यावरच ती पट्टी कापली. ते वर्णन वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने १८१४ साली लंडनमध्ये हीच शस्त्रक्रिया केली आणि तिथून ती युरोपभर पसरली. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीने नाक करण्याचा विधी आहे, त्याच परंपरेचा हा धागा. ज्या कारागिराच्या हातांनी हे केले त्याचे नाव मात्र त्या वर्णनात कोणी नोंदवले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

आजच्या काटेकोर भाषेत कावसजीची शस्त्रक्रिया ‘ग्राफ्ट’ ठरत नाही, ‘फ्लॅप’ ठरते, कारण तुकडा सुरुवातीला तोडलेला नव्हता. रायवळ, आपल्याकडचे भेट कलम नेमके असेच असते ना? कुंडीतले रोप मोठ्या झाडाच्या फांदीजवळ न्यायचे, दोघांच्या साली तासून बांधायच्या, आणि दोघेही आपापल्या मुळांवर जगत असताना सांधा धरला की मग फांदी तोडायची. म्हणजे फ्लॅप हे भेट कलम आणि स्किन ग्राफ्ट हे कोय कलम. ही तुलना मी ओढूनताणून करत नाही. इटलीतल्या बोलोन्याच्या गास्पारे ताल्याकोत्सी या शल्यविशारदाने दंडाची कातडी नाकाशी आणून, हात कित्येक दिवस डोक्याशी बांधून ठेवून नाके दुरुस्त केली आणि १५९७ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्या ग्रंथाच्या लॅटिन नावात ‘इन्सितिओ’ हा शब्द आहे, आणि रोमन शेतकरी झाडाच्या कलमाला हाच शब्द वापरत.

जिथे झाड आणि माणूस वेगळे पडतात ती जागाही मुलांना दाखवावी. रायवळचा खुंट हापूसची काडी नाकारत नाही, पण माझी त्वचा तुमच्या अंगावर कायमची टिकणार नाही. दुसऱ्या महायुद्धातील भाजलेल्या रुग्णांमुळे पीटर मेडावर हे ब्रिटिश शास्त्रज्ञ या प्रश्नाकडे वळले. एकाच दात्याची त्वचा दुसऱ्यांदा लावली तर शरीर ती पहिल्यापेक्षा लवकर फेकून देते, म्हणजे शरीर ओळख लक्षात ठेवते, हे त्यांनी दाखवले आणि पुढे १९६० साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. स्वतःच्या त्वचेचा तो ऑटोग्राफ्ट, दुसऱ्या माणसाचा तो अ‍ॅलोग्राफ्ट, प्राण्याचा तो झेनोग्राफ्ट. रोपण केलेले मूत्रपिंडही ग्राफ्टच, आणि हृदयाच्या बायपासमध्ये पायाची शीर काढून जोडतात तीही ग्राफ्टच.

बोरू, मुंबई

वर्तमानपत्राच्या मथळ्यांशी माझा आयुष्यभर संबंध आला. उपसंपादक म्हणून निवृत्त झालो. खडूफळा ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की झाड आणि त्वचा हा एक शब्द आहे, आणि लाच व कष्ट यांचा उगम बहुधा निराळा आहे.

पहिल्या शब्दाची कथा मराठी माणसाने मनापासून वाचावी अशी आहे. ग्रीक भाषेत लिहिण्याच्या टोकदार सळईला ‘ग्राफेइऑन’ म्हणत. ग्राफ, फोटोग्राफ, ऑटोग्राफ हे सगळे त्याच ‘लिहिणे’ या धातूचे गोत. लॅटिनमधून हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेत ‘ग्राफ’ म्हणून आला आणि तिथल्या माळ्यांनी तासून टोकदार केलेल्या कलमकाडीला तेच नाव दिले, कारण ती काडी लेखणीसारखी दिसते. इंग्रजीतही आधी तो ‘ग्राफ’ असाच होता, शेवटचा ‘ट’ नंतर चिकटला. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये रानजैतुनाची फांदी चांगल्या जैतुनावर लावण्याचा जो प्रसिद्ध दृष्टान्त आहे, त्यात अजून ‘ट’ नसलेले रूपच दिसते.

आता आपल्या शब्दाकडे पाहा. ग्रीक ‘कालामोस’ म्हणजे बोरू, ज्याच्यापासून लेखणी करतात ते पोकळ गवत. त्यावरून अरबी ‘कलम’ आले असे अभ्यासक मानतात, आणि ते फारसीतून आपल्याकडे आले. कलम म्हणजे लेखणी, आणि लेखणीसारखी तासलेली काडी म्हणजेही कलम. मोडी लिहिण्यासाठी बोरूचे टोक तिरपे छाटत, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना रायवळ यांची तासलेली काडी ओळखीची वाटेल. इंग्रजी आणि मराठी हे दोन शब्द वेगवेगळ्या वाटांनी निघाले, एक सळईवरून आणि दुसरा बोरूवरून, आणि आंब्याच्या झाडाखाली एकत्र आले. मला तरी शब्दांच्या अभ्यासात यासारखा आनंद क्वचित मिळाला आहे.

मराठी ‘कलम’ मात्र लेखणीच्या बाजूने आणखी पुढे गेले. लिहिलेल्या यादीतील एकेक बाब म्हणजे कलम, त्यावरून जुन्या कागदपत्रांतील कलमबंदी, आणि त्यावरून कायद्याचे कलम. तुमच्या विद्यार्थ्याची चूक याच वळणावर झाली आणि ती मला अगदी समजण्यासारखी वाटते. लाचेची मराठी बातमी वाचली तर तिच्यात ‘भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम १९८८ च्या कलम ७ अन्वये गुन्हा नोंदवण्यात आला’ असेच वाक्य असते. लाचेच्या बातमीत त्याने कलम वाचलेले होते. फक्त ते कायद्याचे होते आणि इंग्रजी मथळ्यातील ‘ग्राफ्ट’शी त्याचा काही संबंध नव्हता.

मग तो ‘ग्राफ्ट’ आला कुठून? इंग्रजी बोलींत ‘ग्राफ्ट’ नावाचा खणण्याशी संबंधित एक शब्द आहे, कुदळीच्या एका घावात निघणारी माती अशा अर्थाचा, आणि कोशकार त्याचे नाते थडग्याच्या ‘ग्रेव्ह’शी जोडतात. ब्रिटनमध्ये ‘हार्ड ग्राफ्ट’ म्हणजे घाम गाळून केलेले काम, ते यावरून. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चोर-भामट्यांच्या बोलीत ‘धंदा’ या अर्थाने हा शब्द रुळला आणि पुढे राजकारण्यांच्या वरकमाईला लागला. खणण्याचा शब्दच असा सरकत गेला असावा, हे बऱ्याच जणांना संभवनीय वाटते, तरी कोशकारांचे यावर एकमत नाही. वाढत्या झाडावर बाहेरची फांदी पोसली जाते तशी सत्तेवर लाच पोसली जाते, असे स्पष्टीकरण पुष्कळदा वाचायला मिळते. लक्षात ठेवण्यासाठी ते वापरायला हरकत नाही, पण व्युत्पत्ती म्हणून वर्गात सांगू नका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

अर्थाचीही नेमकी ओळख हवी. ‘ब्राइब’ म्हणजे हातावर ठेवलेली लाच. ‘ग्राफ्ट’ त्याहून व्यापक, पदाचा वापर करून केलेली सगळी कमाई. न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉल या राजकीय संघटनेचा पुढारी जॉर्ज वॉशिंग्टन प्लंकिट याने १९०५ च्या सुमारास ‘प्रामाणिक ग्राफ्ट’ आणि ‘अप्रामाणिक ग्राफ्ट’ असा भेदच मांडला होता: बाग कुठे होणार हे आधी कळले म्हणून ती जमीन स्वस्तात घेऊन ठेवणे त्याच्या मते प्रामाणिक. त्या माणसाने कोणाकडून लाच घेतली नाही, तरी तो ग्राफ्टच. मराठीत चिरीमिरी किंवा हात ओले करणे हे ‘ब्राइब’च्या जवळचे आहे, ‘ग्राफ्ट’ला मला ‘पैसे खाणे’ किंवा ‘मलिदा खाणे’ जवळचे वाटते. ‘ग्राफ्टर’ या शब्दापासून मुलांना खास सावध करा: लंडनमध्ये ती कष्टाळू माणसाची स्तुती आहे आणि अमेरिकेत तो आरोप आहे.

खडूफळा, संगमनेर

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिले, मी मनापासून आभारी आहे. काल वर्गात मी कोशातील यादी पुसून टाकली आणि फळ्यावर फक्त एक तासलेली काडी काढली. ज्याने ‘कलमाचे प्रकरण’ लिहिले होते त्याला बोरू यांचे कलम ७ चे वाक्य वाचायला दिले, तेव्हा आपली चूक कुठून आली हे त्याने स्वतःच वर्गाला समजावून सांगितले. आजींची पट्टी उघडली, त्वचा बहुतेक ठिकाणी धरली आहे, असे त्यांच्या नातीने ‘टेक’ हा शब्द वापरून इंग्रजीत सांगितले.

एक शंका उरली आहे. ‘परकी पद्धत जुन्या व्यवस्थेवर ग्राफ्ट केली’ अशी वाक्ये अग्रलेखांत येतात. तिथे ‘रुजवली’ म्हणावे की ‘लादली’?

बोरू, मुंबई

दोन्हीही थोडे चुकतात. ‘रुजवणे’ म्हणजे बी मातीत घालणे, तिथे सांधा नाही. ‘लादणे’ म्हणजे ओझे, त्यात जीव नाही. इंग्रजीत अशा वाक्यात या क्रियापदामागे बहुधा ‘ऑन्टो’ येते, आणि परकी गोष्ट वर जोडली आहे, खालचे मूळ जुनेच आहे, एवढेच ते शब्द सांगतात. ती धरली की वाळली हे पुढच्या वाक्यात कळते. मी ‘जुन्या व्यवस्थेवर परक्या पद्धतीचे कलम केले’ असेच लिहीन. आणि व्याकरणाची एक सूचना: झाडाचा आणि त्वचेचा ग्राफ्ट मोजता येतो, एक, दोन, तीन, भ्रष्टाचाराचा मोजत नाहीत, त्याच्या आधी ‘अ’ हे उपपद लावले की वाक्य बिघडते.

रायवळ, देवगड तालुका

अग्रलेख लिहिणाऱ्यांना आणखी एक गोष्ट उपयोगी पडेल. कलम धरल्यावरही सांध्याच्या खालून खुंटाला फूट येत राहते, आणि ती वेळच्या वेळी खुडली नाही तर खालचा रायवळ जोर धरतो, वरची काडी मागे पडते आणि काही वर्षांनी मालक विचारतो की हापूस लावला होता, त्याला हे आंबट आंबे कसे लागले. परक्या पद्धतींचेही असे होताना मी पाहिले आहे.

ताई, यंदा घरी खाल्लेल्या आंब्यांच्या कोयी टाकू नका. धुऊन, सावलीत सुकवून जूनमध्ये पिशव्यांत रुजत घाला. ज्या झाडाची काडी घ्यायची आहे तिची पाने आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून छाटून ठेवा, म्हणजे डोळा फुगतो. मुलांच्या हातात ब्लेड देताना जवळ बसा, काप एका फटक्यात आणि स्वच्छ झाला पाहिजे, आणि कापलेल्या भागाला बोट लागू देऊ नका. दहा बांधलीत तर पहिल्या वर्षी तीन-चार धरली तरी पुष्कळ आहे.